शेऱ्याचा रकाना

अनारकुल आताशा लोकांच्या दारात रडत नाही. तेरेक-बुलाक गावापासून घाटापलीकडच्या शेवटच्या वस्तीपर्यंत सगळ्यांना याचं नवल वाटतं, कारण रडणं हीच तिची ओळख होती. क्षयाच्या इस्पितळातली नर्स म्हणून तिला निम्मा मुलूख ओळखायचा, कोशोक गाणारी म्हणून सगळा. कोशोक म्हणजे गेलेल्या माणसाशी बोलत, गात गात केलेला विलाप. तो जमणाऱ्या बाया आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. "अनारकुल आटली," असं बाया म्हणतात. म्हातारे म्हणतात, सरकारी नोकरीत राहून माणूस आटणारच. दोन्ही तिच्या कानावर येतं आणि ती गप्प बसते. जिला एरवी तोंड बंद ठेवून चहाचा एक कप संपवता येत नव्हता, तिचं हे गप्प बसणंच लोकांना जास्त खुपतं.

खरं कारण एका घराला माहीत आहे.

कोशोक तिच्याकडे आईकडून आला. आई तिला लहानपणापासून मयताच्या घरी बरोबर न्यायची. गेलेल्याची टोपी, त्याचा घोडा, त्याचा राग, त्याची विसरलेली आश्वासनं, सगळं दोन-दोन ओळींत कसं गुंफायचं हे पोरीनं नुसतं ऐकून उचललं. आईची शिकवण एकच होती. "खरं असेल तेवढंच गा. मेलेला माणूस ऐकत असतो, त्याच्यासमोर थापा मारू नयेत." अनारकुलनं गाणं उचललं. शिकवणीकडे मात्र पुढे तिचं दुर्लक्ष झालं.

सत्तावीस वर्षं इस्पितळात काढल्यावर, सहा वर्षांपूर्वी, तिथे संशोधन आलं. जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर नव्या गोळ्या द्यायच्या, आणि कोणाला काय झालं याची बारीक नोंद ठेवायची. राजधानीतून, बिश्केकहून, डॉक्टर येऊ लागले. सकाळी सहभागी रोग्याच्या पुढ्यात बसून त्याला गोळ्या गिळायला लावायच्या, तोंड उघडून दाखवायला सांगायचं आणि लिहायचं, हे अनारकुलचं काम. त्यातला एखादा दगावला तर आणखी एक काम उरायचं. दोन आठवड्यांच्या आत त्याच्या घरी जायचं, तो कशात सहभागी होता ते घरच्यांना नीट सांगायचं, शेवटचे दिवस कसे गेले ते विचारायचं आणि त्याचे थुंकीचे-रक्ताचे ठेवलेले नमुने जपायचे की नष्ट करायचे यावर त्यांची सही घ्यायची. कागदाच्या तळाशी एक मोकळा रकाना होता, शेऱ्याचा. त्यावर ती आडवी रेघ मारायची.

तिच्या आधी हे काम एका तरुण नर्सकडे होतं. तिच्यावर पहिल्याच घरानं कुत्रा सोडला. मग अनारकुल गेली, आणि गेली ती आपल्या पद्धतीनं. फाटकापासून तिनं सूर धरला. आमच्यात मयताच्या घरी येणारा रडतच येतो, आतल्या बाया भिंतीकडे तोंड करून त्याला साथ देतात, मग कोणीतरी म्हातारी "पुरे आता" म्हणते, प्रार्थना होते, चहा येतो. चहाबरोबर बोरसोक, कणकेचे तळलेले तुकडे, येतात. तेव्हा, डोळे अजून ओले असतानाच, अनारकुल पिशवीतून कागद काढायची. आपल्या माणसासाठी एवढं रडलेल्या बाईला नाही कोण म्हणणार? घरातलं कोणीतरी पेन शोधायलाही उठायचं. कागद वाचून दाखवायचा नियम होता. ती चार ओळी वाचायची, उरलेलं "असं सगळं आहे" म्हणून गुंडाळायची.

एकतीस घरं झाली आणि एकतीस सह्या. बिश्केकच्या डॉक्टर चोलपोननं बैठकीत पडद्यावर तिचा फोटो दाखवला आणि इतर जिल्ह्यांच्या नर्सना शिकवायला तिलाच उभं केलं. एका पोरीनं विचारलं, "एजे, पण रडू आलंच नाही तर?" आमच्याकडे थोरल्या बाईला एजे म्हणतात, ताईसारखं. अनारकुल म्हणाली, "सासू आठव. ती अजून जिवंत आहे एवढं आठवलं की येईल आपोआप." सगळी खोली हसली. ते हसणं तिला आता आठवलं की ती हातातलं काम सोडून दुसऱ्या खोलीत जाते.

रडणं खोटं नव्हतं, अशी तिची स्वतःपुरती समजूत होती. ती काही अगदीच चुकीची नव्हती. आसवं खरीच असायची, फक्त खांद्याला पिशवी असायची.

एर्नाझार एकोणतीस वर्षांचा होता. रशियात, येकातेरिनबुर्गला, इमारतींवर फरशा बसवायचा. खोकला घेऊन परत आला तो घरी न जाता सरळ इस्पितळात. घर तिथून मिनीबसनं तासाभरावर, आक-मोयनोक डोंगराच्या पलीकडे. पण आईला कळू द्यायचं नाही हे त्याचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं, सागिनबेकचं, ठरलेलं. सागिनबेक उन्हाळ्यात हमरस्त्याला घोडीच्या दुधाचा कुमिस विकायचा. घरात क्षय आहे हे फुटलं असतं तर एक गाडी थांबली नसती.

म्हणून आईच्या, उलकान आपाच्या, लेखी धाकटा अजून रशियातच होता. आमच्यात आईला आणि आईच्या वयाच्या बाईला आपा म्हणतात. दर शुक्रवारी तो भिंतीकडे वळून तिला फोन करायचा, खोकला दाबून धरायचा, इथे फार थंडी आहे म्हणून सांगायचा. आई कुरुत वळून, आंबट दह्याचे ते वाळवलेले गोळे, पिशवीत बांधून थोरल्याकडे द्यायची, "कोणी रशियाला जाणारा असेल तर त्याच्या हाती पाठव." दुसऱ्या दिवशी पिशवी इस्पितळात. एर्नाझार ती वॉर्डभर वाटायचा. "घ्या, रशियाहून पार्सल आलंय. कस्टमवाल्यांनी निम्मं खाल्लं."

अनारकुलची तो थट्टा करायचा. "एजे, तुम्ही मेलेल्यांसाठी फार छान गाता म्हणे. माझं आधीच ऐकवून टाका ना, नंतर मला कुठलं कळायला."

"गोळ्या गिळ आणि तोंड उघड," ती म्हणायची.

तिसरी खाट, खिडकीजवळची, त्याची. खिडकीतून आक-मोयनोक दिसायचा. तो तासन्‌तास तिकडे मान वळवून पडायचा.

आठव्या महिन्यात गोळ्यांनी हात टेकले. एका मंगळवारी सकाळी, तोंड उघडून दाखवून झाल्यावर, तो म्हणाला, "एजे, आपाला बोलवा." अनारकुलनं सागिनबेकला फोन लावला. तो म्हणाला, "रविवारपर्यंत थांबा, मी तिला सांभाळून सांगतो, एकदम सांगितलं तर कोसळेल." आईचा नंबर फाइलमध्ये पहिल्याच पानावर होता. तो फिरवायला बोट उचललं नाही. वॉर्डात दोन नवे रोगी आले होते, बिश्केकला अहवाल जायचा होता, आणि थोरला मुलगा नको म्हणतोय तर आपण मध्ये का पडावं, हेही होतंच. ती एर्नाझारला म्हणाली, "येईल हं, रविवारी." बुधवारी त्यानं एकदा विचारलं. गुरुवारी विचारलं नाही. शुक्रवारी सकाळी तो गेला.

सागिनबेकनं ओळखीच्या व्हॅनमधून त्याला घरी नेलं आणि गावाला सांगितलं, कामावर हृदय बंद पडलं, विमानानं आणला.

सातव्या दिवशी अनारकुल पिशवी घेऊन त्यांच्या फाटकाशी उतरली. सहभागी अविवाहित असेल तर आईचीच सही लागते असा नियम होता. सागिनबेक तिला बघून पुढे धावला.

"एजे, तुम्ही? इथे?"

"सही हवी आहे, आईची. काय आहे ते त्यांना सांगावं लागेल."

"आपाला सांगितलंत तर माझं घर बसलं समजा." त्यानं आवाज खाली आणला. "असं करा ना, तुम्ही त्याच्या रशियातल्या कामावरच्या दवाखान्यात होता म्हणा. कागद तिथलाच आहे म्हणा. ती सही करेल, तुमचंही काम होईल."

अनारकुलनं त्याच वेळी मागे फिरायला हवं होतं. मिनीबस अजून वळलीही नव्हती. पण अंगणात पुरुष उभे होते, त्यांनी तिला पाहिलं होतं, आणि मयताच्या फाटकावरून न रडता कोणी परतत नाही. शिवाय एकतीस घरं होती मागे. बत्तिसावं का चुकावं? ती म्हणाली, "मी काही म्हणणार नाही. नुसती रडेन. बाकीचं तू बघ."

आणि तिनं सूर धरला.

खोलीत उलकान आपा आणि दोघी-तिघी बाया भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. अनारकुल त्यांच्या मागे टेकली. आधी नेहमीच्या ओळी झाल्या, तरणाताठा गेलास, घोड्याचा लगाम मोकळा सोडून गेलास. पण हा मुलगा तिनं आठ महिने पाहिला होता. जिवंतपणी त्यानं मागितलेलं गाणं तिनं गिळून ठेवलं होतं, ते आता आपण होऊन वर आलं. ती थांबवू शकली नाही, आणि खरं सांगायचं तर थांबवावंसं वाटलंही नाही, कारण ते फार चांगलं जमत होतं.

"तिसरी खाट खिडकीशी, मान तुझी वळलेली,
आक-मोयनोकच्या पाठीशी माय तुझी राहिलेली."

पुढच्या बायांचा आवाज विरला. उलकान आपा वळून बसली. शोक करणारी बाई भिंतीकडचं तोंड वळवत नाही, म्हणून सुनेनं तिला हळूच धरायला हात पुढे केला. म्हातारीनं तो बाजूला केला.

"रशियातून माझा आक-मोयनोक दिसतो का गं?"

दारात सागिनबेक उभा होता, तो जमिनीकडे बघत होता.

"कुठली खिडकी?" म्हातारीनं विचारलं.

अनारकुलनं इस्पितळाचं नाव सांगितलं. मग बाकीचंही सांगावं लागलं. आठ महिने, गोळ्या, संशोधन, कुरुताची पिशवी. सगळं सांगून झाल्यावर उलकान आपानं विचारलं, "कुरुत खाल्लं त्यानं?"

"खाल्लं. सगळ्यांना वाटून खाल्लं."

"वाटणारच," म्हातारी म्हणाली. "मला बोलावलं का त्यानं?"

अनारकुलला नीट आठवतं, तिनं विचार वगैरे काही केला नव्हता. तोंडातून आपसूक आलं.

"नाही आपा. तुम्हाला त्रास नको म्हणायचा."

म्हातारीनं मान डोलावली. "तिथे रडलीस त्याच्यासाठी? तो गेला तेव्हा?"

"नाही."

"मग इथे का रडलीस?"

पिशवीतला कागद अर्धा वर आलेला होता. तो उलकान आपाला दिसत होता, सुनेला दिसत होता, आणि अनारकुलला तो आत ढकलताही येईना. कुठे तोंड लपवावं असं तिला झालं. चोपन्न वर्षांच्या बाईचे कान लहान पोरीसारखे तापले होते.

"ठेव तो कागद इथे," म्हातारी म्हणाली. "चाळिसाव्या दिवसाला ये. आणि रडायचं असेल तर आतून येईल तेव्हाच रड."

मधले दिवस कसे गेले ते अनारकुलनं कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंही नाही. तिसऱ्या खाटेवर एक शाळामास्तर आले. त्यांना गोळ्या देताना ती खिडकीकडे पाठ करून बसायची. दोन आठवडे उलटल्यावर चोलपोनचा फोन आला, "एजे, मुदत संपली, नकार म्हणून लिहून टाकू का? बत्तिसातला एक चालतो हो." पोरगी चांगल्या मनानं म्हणत होती. अनारकुल म्हणाली, "थांब अजून," आणि फोन ठेवल्यावर तिला आठवलं की हाच शब्द तिनं सागिनबेककडून ऐकला होता.

खोटं ती आधीही बोलली होती, कोण बोलत नाही. पण हे 'नाही' तिच्या मागेच लागलं. मी म्हातारीचं मन राखायला म्हटलं, असं ती स्वतःला बजावायची आणि तिला ते पटायचं नाही. म्हातारीचं मन राखायचं असतं तर "बोलावलं होतं" म्हणाली असती. 'नाही' म्हटलं ते स्वतःची कातडी वाचवायला. बोलावलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता हे तिला चांगलं ठाऊक होतं.

चाळिसाव्याला अंगण माणसांनी भरलं होतं. अनारकुल फाटकात उभी राहिली. पुरुष वाट बघत होते, आतल्या बाया कान देऊन होत्या. कोशोकवाली अनारकुल आली म्हटल्यावर पोरंसुद्धा गप्प झाली. तिनं तोंड उघडलं आणि सूर आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. आयुष्यात पहिल्यांदा ती मयताच्या फाटकात मुकी उभी होती आणि लोक एकमेकांकडे बघू लागले होते.

उलकान आपा स्वतः बाहेर आली. तिनं अनारकुलचं मनगट धरलं आणि तिला आत नेऊन आपल्या शेजारी बसवलं. गादीखालून कागद काढला. घड्यांवर तेलाचे डाग पडले होते.

"दर गुरुवारी बोरसोक तळताना नातीकडून वाचून घेतला," ती म्हणाली. मेलेल्यांना तेलाचा वास पोचावा म्हणून आमच्याकडे गुरुवारी तळतात. "पाच गुरुवार झाले. पाठ झालाय. त्याचं रक्त ठेवायला माझी हरकत नाही, त्यानं दिलंय तर राहू दे. पण हे खाली शेरा म्हणून लिहिलंय, तिथे काय लिहितात?"

"काही नाही. रेघ मारते मी."

"सगळ्यांच्या कागदावर?"

"सगळ्यांच्या."

"माझ्यावर मारू नकोस." म्हातारीनं कागद मांडीवर सपाट केला. "लहानपणी ताप आला की तो मला हाका मारल्याशिवाय झोपायचा नाही. शेजारणी हसायच्या. तोच पोरगा तासाभरावर मरत होता आणि त्यानं मला बोलावलं नाही. तू सांगितलंस तेव्हापासून मी हेच शोधतेय. माझं काहीतरी चुकलं असणार. मागे त्याला मी रशियाला जा म्हटलं, ते असेल. किंवा दुसरं काही असेल. तुझ्याशी बोलला असेल तो. माझं काय चुकलं ते तिथे लिही, म्हणजे मला कळेल."

अनारकुलनं मधल्या दिवसांत स्वतःला बऱ्याच शिव्या दिल्या होत्या. पण आपण म्हातारीच्या डोक्यावर काय ठेवून आलो, हे तिला तोवर सुचलंही नव्हतं. तिला वाटलं होतं, आपण एक गोष्ट लपवली आहे. ती तर मुलाच्या तोंडची एक हाक चोरून आली होती, आणि जिची चोरली तीच बिचारी स्वतःचा गुन्हा शोधत बसली होती. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

"पेन द्या," ती म्हणाली.

सुनेनं पेन दिलं. अनारकुलनं लिहिलं, अक्षरं रकान्याबाहेर गेली.

"मोठ्यानं वाच," उलकान आपा म्हणाली.

दारात सागिनबेक येऊन उभा राहिला होता. त्याच्या मागे शेजारणी होत्या. अनारकुलनं एकदा त्याच्याकडे बघितलं.

"आपा, बाहेर माणसं आहेत," तो म्हणाला. "कुमिसाचं—"

"ज्याला थांबायचं तो थांबेल," म्हातारी म्हणाली. "वाच."

अनारकुलनं वाचलं. "एर्नाझारनं मंगळवारी मला सांगितलं, आपाला बोलवा. बुधवारी पुन्हा विचारलं. आईचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला नाही. शुक्रवारी तो गेला. नंतर आईनं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. अनारकुल, नर्स."

सागिनबेक भिंतीला धरून म्हणाला, "आपा, एजेंनी मला फोन केला होता. मीच म्हटलं, रविवारपर्यंत—"

"तुझं तू नंतर सांग," उलकान आपा त्याच्याकडे न बघता म्हणाली. "हिला हिचं लिहू दे." मग तिनं अनारकुलला विचारलं, "हे असंच राहील ना तिथे? कोणी खोडणार नाही?"

"नाही खोडणार."

म्हातारीनं पेन घेतलं. एकेक अक्षर जुळवत तिनं सही केली, त्यावर फुंकर मारली आणि कागद अनारकुलच्या हातात दिला. अनारकुलनं तो पिशवीत घातला नाही, तसाच धरून बसली.

"मंगळवारी," उलकान आपा म्हणाली. ती आठवत होती. "त्या मंगळवारी मी लोकर धुवायला काढली होती. कुठे गेले नव्हते. दिवसभर घरीच होते मी."